डायलवरचं नाव सोडा, मशीन ओळखा: जुन्या पॉकेट वॉचचे सुटे भाग शोधताना

जुन्या पॉकेट वॉचला सुटा भाग हवा असला की बहुतेकजण डायलवरचं नाव घेऊन शोधायला लागतात, आणि शोध तिथेच चुकतो. आपल्याकडे सापडणाऱ्या कितीतरी स्विस पॉकेट वॉचच्या डायलवर वेस्ट एंड वॉच कंपनी आणि खाली बॉम्बे, कलकत्ता असं छापलेलं असतं. ते नाव विकणाऱ्याचं. आतलं मशीन लाँजीनचं असेल किंवा स्वित्झर्लंडमधल्या दुसऱ्याच कारखान्याचं. भाग मिळतो तो मशीनच्या ओळखीवर.

म्हणून आधी मागचं झाकण उघडा. काही झाकणं नखाच्या खाचेतून उचलायची असतात, तर अमेरिकन केसची (घड्याळाच्या बाहेरच्या कवचाची) बरीचशी झाकणं आटे फिरवून निघतात. आट्याच्या झाकणात सुरी घालून ते उचकटलं की कडा कायमची खराब होते. काही केसला मागे झाकणच नसतं. पुढची काचेची रिंग काढायची आणि मशीन बिजागरीवर बाहेर वळवायचं. ते वळवण्याआधी बटण ओढून काटे फिरवायच्या जागी आणा, नाहीतर स्टेम, म्हणजे बटणाचा आतला दांडा, मोडेल.

वॉल्थम, एल्जिन, हॅमिल्टन यांच्या मशीनवर सीरियल नंबर कोरलेला असतो. केसवरही एक नंबर असतो, पण तो केस बनवणाऱ्याचा. त्यावरून मशीनबद्दल काही कळत नाही. मशीनवरचा नंबर इंटरनेटवरच्या डेटाबेसमध्ये टाकला की साइझ, मॉडेल, ग्रेड (दर्जा) आणि ज्वेलची (आसांच्या टोकांना आधार देणाऱ्या माणकांची) संख्या समोर येते. यात मॉडेलला सगळ्यांत जास्त महत्त्व द्या. वॉल्थमच्या १८ साइझमध्ये १८८३ आणि १८९२ अशी दोन्ही मॉडेलं आहेत. साइझ एकच, पण एकाचे भाग दुसऱ्याला बसतील असं धरून चालू नका. ‘वॉल्थम १८ साइझचा स्टाफ’ (झोके घेणाऱ्या बॅलन्स चाकाचा आस) अशी ऑर्डर दिली तर चुकीचा भाग येण्याचीच शक्यता जास्त.

स्विस मशीनवर अनेकदा नावच नसतं. डायल उतरवा, खालच्या प्लेटचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि मिलिमीटरला २.२५६ ने भागा. उत्तर लीन्य या स्विस घड्याळांच्या मापात येतं. अमेरिकन साइझ वेगळ्या हिशोबाने जातात: ० साइझ म्हणजे २९.६३ मिमी, आणि पुढच्या प्रत्येक साइझला इंचाचा तिसावा भाग, म्हणजे ०.८४७ मिमी वाढतो. त्यामुळे १२ साइझ ३९.७९ मिमी, १६ साइझ ४३.१८ मिमी आणि १८ साइझ ४४.८७ मिमी. स्विस १९ लीन्य ४२.८६ मिमी भरतं. १६ साइझ आणि १९ लीन्य यांत जेमतेम ०.३ मिमीचा फरक आहे, तेव्हा केसमध्ये सैल बसलेलं मशीन दिसलं तर ते दुसऱ्याच घड्याळाचं असू शकतं, हे लक्षात ठेवा.

व्यास कळल्यावर बॅलन्सखाली आणि डायलखाली एखादा बारीक शिक्का किंवा कॅलिबर (मशीनच्या मॉडेलचा) नंबर आहे का ते आयग्लास लावून पाहा. काहीच सापडलं नाही, तर स्टेमजवळच्या सेटिंगच्या, म्हणजे काटे लावायच्या, भागांचा सरळ वरून फोटो काढा. सेटिंग लिव्हर, योक आणि त्यावरची स्प्रिंग यांचे आकार प्रत्येक कॅलिबरचे आपापले असतात, आणि जुन्या कॅटलॉगमधल्या आकृत्यांशी ताडून मशीन ओळखण्याची ही सगळ्यांत भरवशाची वाट आहे. ओळख पटली की नाव आणि नंबर दोन्ही लिहून भाग मागवा. स्विस पद्धतीत स्टेम ४०१, क्लिक (चावी उलटी सुटू न देणारा खटका) ४२५, सेटिंग लिव्हर ४४३, सेटिंग लिव्हर स्प्रिंग ४४५, पॅलेट ७१०, बॅलन्स स्टाफ ७२३, मेनस्प्रिंग (चावीने गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग) ७७०. नंबर दिला की दुकानदार आणि आपण एकाच भागाबद्दल बोलतोय याची खात्री होते.

चावीने भरायची जुनी इंग्लिश घड्याळं, विशेषतः फ्युझी (शंकूसारखं चाक) आणि साखळीवाली, यांना मात्र हे काहीच लागू नाही. त्यांची कच्ची मशीनं लँकेशायरमधल्या प्रेस्कटला बनत आणि पुढे लंडन, लिव्हरपूल, कोव्हेंट्रीचे कारागीर ती हाताने पुरी करत. एकाचा भाग दुसऱ्याला जसाच्या तसा बसेल ही अपेक्षाच करू नये. तिथे लेथवर नवा भाग करणारा घड्याळजी शोधावा लागतो, आणि त्याच्या कामाचे पैसे मोजायची तयारी ठेवावी.

आता मेनस्प्रिंग. जुनी निळ्या पोलादाची स्प्रिंग तुटलेली नसली तरी दमलेली असते. बाहेर काढल्यावर ती बॅरलच्याच (तिच्या डबीच्याच) आकारात गुंडाळलेली राहिली, मोकळी पसरली नाही, तर बदलायची. नमुना म्हणून जुनी स्प्रिंग उपयोगी, पण तिच्यावर पूर्ण विश्वास नको. आधीच्या कुणीतरी चुकीची घातलेली असू शकते. बॅरलच मोजा. बॅरलच्या आतल्या व्यासाच्या एक तृतीयांश आर्बर (मधला आस) असतो, आणि आर्बर सोडून उरलेल्या जागेचा निम्मा भाग स्प्रिंगने भरायचा. समजा, आतला व्यास १६.५ मिमी आणि आर्बर ५.५ मिमी आहे. दोन्हींच्या वर्गांतला फरक २४२, त्याला ०.३९२७ ने गुणलं की ९५. याला स्प्रिंगच्या जाडीने भागायचं: ०.२० मिमी जाडीला लांबी ४७५ मिमी. उंची बॅरलच्या आतल्या उंचीपेक्षा थोडी कमी हवी, नाहीतर झाकणाला घासते. शेवटचं टोक कसं आहे, भोक, टी की जीभ, तेही लिहून पाठवा. टोक चुकलं तर स्प्रिंग बॅरलच्या भिंतीला अडकतच नाही.

नव्या पांढऱ्या मिश्रधातूच्या स्प्रिंगबद्दल एक इशारा. त्याच जाडीला ती जुन्या पोलादापेक्षा जोरकस असते. बॅलन्सचा झोका पूर्ण चावीला २७० ते ३०० अंश हवा. ३३० च्या आसपास गेला की इम्पल्स पिन (बॅलन्सवरची खुंटी) फोर्कला (तिला ढकलणाऱ्या दुबेळक्याला) बाहेरून धडकते आणि घड्याळ अचानक पुढे पळू लागतं. पूर्ण चावी दिल्यावरच पुढे पळणारं, सहा-सात तासांनी शहाण्यासारखं चालणारं घड्याळ आलं, तर स्प्रिंग एक पायरी पातळ घ्या.

सगळ्यांत जास्त मोडतो तो बॅलन्स स्टाफ. एका बाजूला ठेवलं की चालतं आणि उलटं केलं की थांबतं, तर टोकाची पिव्हट (सुईसारखं बारीक टोक) मोडलेली किंवा चपटी झालेली असणार. पिव्हट साधारण ०.१० ते ०.१३ मिमी जाडीची, म्हणजे घड्याळ सिमेंटच्या फरशीवर पडणं तिला पुरेसं असतं. नवा स्टाफ मागवताना एकूण लांबी, दोन्ही पिव्हटची जाडी, आणि रोलर (इम्पल्स पिनची चकती), बॅलन्स, हेअरस्प्रिंगचा (बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचा) कॉलेट (कडी) बसतात त्या तिन्ही जागांचे व्यास मायक्रोमीटरने घेऊन कळवा. एकाच ग्रेडला वेगवेगळ्या जाडीच्या पिव्हट मिळतात. ज्वेलच्या भोकापेक्षा पिव्हट साधारण शतांश मिलिमीटरने बारीक हवी.

रिव्हेट केलेला (कडा ठोकून पक्का केलेला) स्टाफ थेट ठोकून काढू नका, घड्याळजीलाही काढू देऊ नका. बॅलन्सचं भोक रुंदावतं, त्याचे हात (आडव्या पट्ट्या) वाकतात आणि मग कुठलाच स्टाफ मध्यावर बसत नाही. रिव्हेट लेथवर छिलून उडवायची आणि मगच स्टाफ खाली दाबायचा. नवा बसवल्यावर बॅलन्स सपाट आणि समतोल आहे का हे तपासल्याशिवाय हेअरस्प्रिंग लावू नये. काही मॉडेलांत स्टाफ फक्त दाबून बसवलेला असतो; तिथे छिलण्याची गरजच नाही, म्हणून काम सुरू करण्याआधी प्रकार ओळखा.

सुट्या भागापेक्षा त्याच मॉडेलचं दुसरं मशीन अनेकदा स्वस्तात मिळतं, कारण सोन्या-चांदीच्या केस वितळवल्या गेल्या आणि मशीनं उघडी उरली. मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट, पुण्यात बुधवारचा आणि रविवारचा जुना बाजार इथे नजर ठेवावी. अमेरिकन मशीन मात्र बहुधा परदेशातूनच मागवावं लागेल. घेताना हे पक्कं लक्षात घ्या की तुमच्या घड्याळाचा मोडलेला भाग त्या मशीनमध्येही मोडलेला असण्याची शक्यता मोठी असते. ‘फक्त पार्टसाठी’ म्हणून विकायला आलेल्या मशीनचा स्टाफ बहुधा गेलेलाच. डायल तडकलेली, काटे नाहीत, पण बॅलन्स मोकळा झोके घेतोय, असं मशीन शोधा आणि विकणाऱ्याकडे झोक्याचा व्हिडिओ मागा. बॅलन्स घेतलात तर हेअरस्प्रिंगसकट घ्या. ती दोघं एकमेकांसाठी जुळवलेली असतात.

बटण फिरतं पण चावी बसत नाही, तेव्हा लगेच स्टेम मागवू नका. बऱ्याच अमेरिकन घड्याळांत स्टेम मशीनमध्ये नसून केसच्या मानेत, एका स्लीव्हमध्ये (नळीत) असतो, आणि ढिली झालेली स्लीव्ह आटे फिरवून नीट करता येते. स्विस मशीनचा स्टेम सेटिंग लिव्हरच्या स्क्रूने धरलेला असतो. तो स्क्रू एक-दोन आटेच सैल करायचा. पूर्ण काढला तर लिव्हर डायलखाली सुटतो आणि डायल उतरवावी लागते. वरच्या क्राउन व्हीलचा स्क्रू बऱ्याच मशीनमध्ये उलट्या आट्यांचा असतो. फिरत नसेल तर जोर लावण्याआधी दुसऱ्या दिशेने फिरवून पाहा. तुटलेलं डोकं बाहेर काढणं फार कष्टाचं आहे.

काचेसाठी रिंगच्या आतल्या खाचेचा व्यास ०.१ मिमीपर्यंत मोजून घ्या. झाकणवाल्या केसला काच बुटकीच हवी, नाहीतर झाकण मिटताच ती तडकते. काट्यांसाठी तीनही भोकांचे व्यास द्या आणि मिनिटकाट्याची लांबी मध्यापासून मिनिटांच्या पट्टीपर्यंत मोजा. भोक थोडं लहान असलं तर ब्रोचने (भोक वाढवायच्या निमुळत्या हत्याराने) वाढवता येतं. मोठं असलं तर तो काटा परत करा.