सगळ्यांची जन्मतारीख एक जानेवारी

ऑन्टारियोत नव्याने आलेल्या प्रौढांसाठी ऑनलाइन इंग्रजीचे पाठ तयार करणं हे माझं काम. वर्ग 'लिंक' कार्यक्रमातला. कॅनडाच्या केंद्र सरकारचा हा कार्यक्रम १९९२ साली सुरू झाला आणि कायम रहिवासी व निर्वासितांना तो मोफत आहे. कॅनडात भाषेच्या एकूण १२ पायऱ्या मानतात. १८ ते ५४ वयाच्या माणसाला नागरिकत्वासाठी बोलण्यात आणि ऐकण्यात चौथी पायरी गाठावी लागते. हा वर्ग दुसऱ्या पायरीवरचा होता. अफगाणिस्तान, सीरिया, इरिट्रिया आणि कोलंबियातून आलेले १२ जण, बहुतेक मोबाइलवरून जोडलेले. शिकवायला एक सहकारी शिक्षिका होत्या आणि मी निरीक्षणाला.

पाठ होता क्लिनिकला फोन करून अपॉइंटमेंट घेण्याचा. कोर्समधल्या जुन्या आराखड्यानुसार झूमवर दोघादोघांच्या सहा ब्रेकआउट रूम, म्हणजे मुख्य वर्गापासून वेगळ्या छोट्या खोल्या, केल्या. जोडीदाराला नाव, जन्मतारीख आणि फोन नंबर विचारून लिहून घ्यायचा होता. मी कॅमेरा आणि माइक बंद ठेवून एकेका खोलीत जात होतो, कारण शिकवणारं कुणी दिसलं की जोडी बोलणं थांबवून आपल्याकडेच बघत बसते. पहिल्या खोलीत दोन अफगाण बायका होत्या. "व्हॉट इज युअर डेट ऑफ बर्थ?" "जानेवारी वन." "मी ऑल्सो जानेवारी वन." पुढच्या खोलीत तेच, त्याच्या पुढच्या खोलीतही तेच. चौथ्या खोलीत तर प्रश्न विचारलाच गेला नाही. समोरच्याने तारीख स्वतःच लिहून टाकली, आणि ती बरोबरही होती.

जिथे जन्माची नोंद होत नाही किंवा कागद युद्धात हरवले, तिथल्या माणसांच्या निर्वासित म्हणून होणाऱ्या नोंदणीत अनेकदा फक्त वर्ष अंदाजाने धरतात आणि दिवस म्हणून १ जानेवारी टाकतात. अफगाणिस्तानात तर या माणसांच्या जन्माच्या काळात सौर हिजरी पंचांग होतं, त्यामुळे खरी तारीख माहीत असली तरी ती इंग्रजी तारखेत बदलून घ्यावी लागते. पाठाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की उत्तर आधीच ठाऊक होतं, मग विचारायचं कशाला? एकाकडे आहे ते दुसऱ्याकडे नसेल तरच माणसं परक्या भाषेत तोंड उघडतात. ऑनलाइन वर्गात हे दुप्पट खरं आहे. पोल, रंगीत बटणं, व्हाइटबोर्ड हे सगळं वापरूनही वर्ग मुका राहू शकतो. शिवाय खरी जन्मतारीख आणि खरा फोन नंबर अनोळखी माणसाला सांगायला लावणं मला मुळातच पटत नाही. जीव वाचवून आलेल्या माणसाला तर ते मागूच नये.

१५ मिनिटांच्या सुट्टीत आम्ही पाठ बदलला. प्रत्येकाला वेगळी ओळख द्यायची ठरलं. फोन करणाऱ्याच्या कार्डावर चार ओळी: नाव, जन्मतारीख, हेल्थ कार्ड नंबर आणि कामाच्या वेळा ("रोज ३ पर्यंत काम, गुरुवारी सुट्टी"). रिसेप्शनिस्टच्या कार्डावर वरच्या तीन ओळींसाठी रिकामे चौकोन आणि तीन मोकळ्या वेळा, ज्यांतली एकच समोरच्याला जमणारी. कुणाची कोणती वेळ जमेल हे दोघांपैकी एकालाही एकट्याने कळत नाही. बोलावंच लागतं.

कार्डं हाताने लिहून, फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर ज्याची त्याला पाठवली. स्क्रीन शेअर करून दाखवली असती तर गुपितच उरलं नसतं, आणि मुख्य खोलीत शेअर केलेलं एरवी ब्रेकआउट रूममध्ये सोबत जात नाही. माणसं खोलीत पोहोचतात आणि सूचना मागे राहते. होस्टने सगळ्या खोल्यांना पाठवलेला लेखी संदेश पडद्यावरून काही सेकंदांत नाहीसा होतो, दुसऱ्या पायरीवरच्या माणसाचा तोवर पहिला शब्दही वाचून होत नाही. मोबाइलवर झूम सोडून व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की आवाज चालू राहतो, पण व्हिडिओ थांबतो आणि लोक गोंधळतात. म्हणून जोड्या करण्याआधी पाच मिनिटं कार्ड कागदावर उतरवायला दिली. फोन बाजूला, कागद हातात. कॅमेरे मुद्दाम बंद करायला सांगितले. खऱ्या फोनवर चेहरा दिसत नाही, ओठ दिसत नाहीत, हातवारे चालत नाहीत. हा एक पाठ प्रत्यक्ष वर्गापेक्षा ऑनलाइन जास्त चांगला होतो, असं माझं ठाम मत आहे.

जोडीला चार मिनिटं, मग भूमिका बदलून नवा जोडीदार, पुन्हा चार. तीन मिनिटांत संथ जोड्या नंबरापर्यंतही पोहोचत नाहीत, सहा दिली तर लवकर संपवलेले आपल्या भाषेत गप्पा सुरू करतात. कुणी गळालं तर तिघांची खोली करायची आणि तिसऱ्यानेही ऐकून तोच फॉर्म भरायचा. एकाच भाषेच्या दोघांना शक्यतो एकत्र ठेवायचं नाही.

या फेरीत खोल्याखोल्यांतून आवाज येऊ लागला, आणि अडचणीही खऱ्या आल्या. ऑन्टारियोच्या हेल्थ कार्डावर दहा अंक असतात, चार-तीन-तीन अशा गटांत, आणि शेवटी दोन अक्षरांचा व्हर्जन कोड. दहाही अंक एका दमात वाचले की ऐकणारा पाचव्या अंकावर हरवतो, म्हणून प्रत्येक गटानंतर थांबून "ओके?" विचारायचं हे शिकवावं लागलं. कोलंबियाची बाई 'ई' ऐकून 'आय' लिहीत होती, कारण स्पॅनिशमध्ये 'आय'चं नाव 'ई' आहे. अरबी भाषकांचं 'पी' आणि 'बी' एक होत होतं, त्यांना "पी अ‍ॅज इन पेपर, बी अ‍ॅज इन बॉय" हा आधार लगेच कामी आला. अरबी लिपीतला पाच दिसायला इंग्रजी शून्यासारखा गोल असतो आणि तिथलं शून्य म्हणजे नुसता ठिपका. घाईत दोन्ही लिप्यांचे अंक एकाच कागदावर मिसळले की नंबर गेलाच. ऐकताना स्वतःच्या अंकांत लिहा, दाखवताना सगळे इंग्रजीत उतरवा, हा नियम तिथेच केला.

पहिल्या फेरीच्या कार्डांवर महिना अक्षरांत होता आणि दिवस १२ च्या पुढचा. दुसऱ्या फेरीत मुद्दाम ०३/०४ अशी तारीख दिली. कॅनडात दिवस आधी आणि महिना आधी अशा दोन्ही पद्धती भेटतात, तेव्हा "मार्च ऑर एप्रिल?" हा प्रश्न आपसूक निघाला. पाठातलं सगळ्यात उपयोगी वाक्य तेच.

शेवटी सगळ्यांनी मुख्य खोलीत येऊन कागद एकदम कॅमेऱ्यासमोर धरले. इथे एक नेहमीचा घोळ होतो: स्वतःच्या स्क्रीनवर अक्षरं उलटी दिसतात आणि माणसं कागद फिरवत बसतात. इतरांना ती सरळच दिसतात, हे आधी सांगून ठेवावं. तपासणी सोपी. तीन चौकोनांपैकी किमान दोन अचूक आणि ठरलेली वेळ दोघांनाही जमणारी असेल, तर काम झालं. त्या कागदाचा फोटो विद्यार्थ्याच्या पोर्टफोलिओत जातो.

त्यानंतर कोर्समधले बाकीचे पाठ याच नजरेने तपासले. खरा पत्ता, मुलांची संख्या, घरातल्या माणसांची नावं, "कॅनडात का आलात?" हे प्रश्न काढले आणि त्या जागी कार्डं ठेवली. काल काय रांधलं, बस कुठली पकडता, बाजारात काय महाग झालं, हे प्रश्न तसेच आहेत. त्यांची उत्तरं दोघांची कधीच सारखी नसतात आणि द्यायला कुणी कचरत नाही.