२१६ क्लिओपात्रा : प्रकाशवक्राची नोंद, तिसरी रात्र

दोन रात्री अर्धवट राहिलेला क्लिओपात्रा या लघुग्रहाचा प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या तेजाचा आलेख, काल वांगणीहून अखेर पूर्ण मिळाला. साधने तीच आहेत : ८ इंची न्यूटोनियन दुर्बीण, मोनोक्रोम कॅमेरा आणि ६० सेकंदांचे एक्स्पोजर.

योहान पालिसा यांनी १० एप्रिल १८८० रोजी पोला (आजचे क्रोएशियातील पुला) येथील ऑस्ट्रियन नौदलाच्या वेधशाळेतून हा लघुग्रह शोधला. केवळ दुर्बिणीला डोळा लावून त्यांनी असे १२० हून अधिक लघुग्रह शोधले, हे आठवले की लॅपटॉपसमोर बसून वेध घेताना थोडे ओशाळल्यासारखे होते. पालिसांना दिसला तो निव्वळ एक ठिपका. त्याचा दोन्ही टोकांना फुगीर, हाडासारखा आकार पोर्तो रिकोतील आरेसिबो या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या रडार निरीक्षणांवरून २००० साली प्रसिद्ध झाला. त्या प्रतिमानात त्याची लांबी २१७ आणि रुंदी ९४ किलोमीटर होती. नंतरच्या निरीक्षणांनी लांबी २७० किलोमीटरच्या आसपास नेली आहे. २००८ मध्ये त्याचे दोन चिमुकले चंद्रही सापडले.

असा लांबुळका पिंड स्वतःभोवती फिरताना कधी आडवा तर कधी टोकाकडून दिसतो, म्हणून एका फेरीत त्याचे तेज दोनदा वाढते आणि दोनदा उतरते. काल पहिला तळ रात्री १० वाजून २५ मिनिटांनी आणि दुसरा १ वाजून ५ मिनिटांनी मिळाला. हे अंतर दुप्पट केल्यास परिवलनकाल ५ तास २० मिनिटे येतो. प्रसिद्ध झालेला आकडा ५ तास २३ मिनिटांचा आहे, त्यामुळे माझी चूक तीन मिनिटांची ठरते. तेजातील फरक ०.७ प्रत (तेज मोजण्याचे खगोलशास्त्रीय एकक), म्हणजे सुमारे १.९ पट आला. रडारच्या लांबी-रुंदीचे गुणोत्तर मात्र २.३ आहे, पिंडाचा फिरण्याचा अक्ष आपल्या दृष्टिरेषेला काटकोनात नसला की फरक असा कमी भरतो.

दुसऱ्या रात्रीचा तळ उथळ का आला, याचाही उलगडा झाला. सरकता सरकता लघुग्रह एका अंधुक ताऱ्याजवळून गेला होता आणि मोजणीच्या वर्तुळात त्या ताऱ्याचा प्रकाश मिसळला होता. त्या वेळच्या बावीस प्रतिमा मी वगळल्या आहेत. पुढच्या प्रतियुतीला, म्हणजे लघुग्रह पुन्हा सूर्याच्या विरुद्ध बाजूला येईल तेव्हा, अक्षाचा कोन बदललेला असेल. त्या वेळी तुलनातारे (ज्यांच्याशी लघुग्रहाचे तेज ताडून पाहतो ते तारे) निवडण्याची हीच पद्धत आणि हेच एक्स्पोजर कायम ठेवून नवा वक्र याच आलेखावर चढवायचा आहे.