ओता वॉर्डातील एक अनुत्तरित ई-मेल

तोक्योच्या दक्षिण भागातील ओता वॉर्डात छोट्या कारखान्यांच्या गल्ल्या आहेत. खाली लेथ आणि वर बिऱ्हाड, अशी त्यांतील कित्येकांची मांडणी असते आणि त्यांना येथे ‘माची-कोबा’ म्हणजे वस्तीतले कारखाने म्हणतात. 1980 च्या दशकात या एका वॉर्डात असे नऊ हजारांहून अधिक कारखाने होते. आज त्यांच्या निम्मेही उरलेले नाहीत. मागच्या हिवाळ्यात पुण्याच्या एका कंपनीसाठी दुभाषा म्हणून मी अशाच एका कारखान्यात गेलो होतो. काम आटोपल्यावर सत्तरीच्या मालकांनी फाइलमधून एक छापील कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

ती जर्मनीहून आलेली, सात महिन्यांपूर्वीची इंग्रजी ई-मेल होती. जवळजवळ प्रत्येक शब्दावर पेन्सिलीने बारीक जपानी अक्षरांत अर्थ लिहिलेला होता आणि एका वाक्याखाली तांबडी रेघ होती. मजकूर त्यांना पुरता समजला होता, पण चुकीच्या इंग्रजीत उत्तर पाठवणे हा ग्राहकाचा अपमान ठरेल, या संकोचाने त्यांनी उत्तरच दिले नव्हते. मायक्रॉनच्या हिशेबात काम करणारा हा माणूस चार ओळींपुढे अडला होता आणि दारापर्यंत आलेले गिऱ्हाईक परत गेले होते.

जपानी माणसाला इंग्रजी येत नाही, असे आपल्याकडे सरसकट म्हटले जाते. ते मला पटत नाही. येथे शाळेत वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवतात आणि नोकरीसाठी ‘टोइक’ परीक्षेचे गुण विचारतात. 1979 साली जपानच्याच पुढाकाराने सुरू झालेल्या या परीक्षेच्या सर्वाधिक प्रचलित प्रकारात ऐकणे आणि वाचणे एवढेच तपासले जाते. त्यामुळे 990 पैकी 800 गुण मिळवलेला माणूसही बैठकीत तोंड उघडेलच, याची खात्री नसते.

मोठ्या कंपन्यांनी यावर जालीम उपाय करून पाहिला. ऑनलाइन विक्रीतील राकुतेन या कंपनीचे संस्थापक हिरोशी मिकितानी यांनी 2010 मध्ये इंग्रजी ही कंपनीची अधिकृत भाषा करण्याचे जाहीर केले आणि उपाहारगृहातील पदार्थांच्या यादीपर्यंत सारे इंग्रजीत आणले. त्याच वर्षी होंडाचे तत्कालीन अध्यक्ष ताकानोबु इतो यांनी जपानमध्ये जपानी माणसांनी आपसांत इंग्रजी बोलणे हा मूर्खपणा असल्याचे म्हटले होते. पुढे 2015 मध्ये होंडानेही विविध देशांतील शाखांमधील व्यवहार 2020 पर्यंत इंग्रजीत आणण्याचे ठरवले. माझ्या मते दोघांचेही बरोबर होते, कारण धंदा ज्या हद्दीपलीकडे जातो, तिथपासूनच इंग्रजीचा खर्च वसूल होतो.

आपल्या लोकांची अडचण नेमकी उलटी आहे. इंग्रजी उत्तम असल्याने सगळे समजले, असे आपण गृहीत धरतो. एका बैठकीत येथील ग्राहकाने ‘केन्तो शिमासु’ म्हटले. दुभाष्याने ‘आम्ही विचार करू’ अशा अर्थाचे बिनचूक इंग्रजी केले आणि पुण्याच्या चमूने दोन माणसे कामालाही लावली. वास्तविक त्या सुरात, त्या खाली गेलेल्या मानेसह, तो नकार होता. तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात गेली आणि दोष मात्र ग्राहकाच्या माथी मारला गेला. येथील नोकऱ्यांच्या जाहिरातींत जपानी भाषेच्या परीक्षेतील ‘एन-2’, म्हणजे वरून दुसरी पातळी मागतात, ती उगाच नव्हे.

ओताच्या मालकांसाठी मी तेथेच बसून इंग्रजीत पाच वाक्ये लिहिली आणि त्यांचा अर्थ जपानीत दोनदा वाचून दाखवला. उशिराबद्दलची दिलगिरी फारच तोकडी आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. जर्मन माणूस आधी किंमत आणि मुदत पाहील, असे माझे. अखेर दिलगिरीची दोन वाक्ये ठेवण्यावर तडजोड झाली. दहा दिवसांनी उत्तर आले. त्यात दिलगिरीबद्दल अवाक्षर नव्हते. फक्त दोनशे नगांचा भाव विचारलेला होता.