तांबडे पाणी येऊ लागले की मशीन बंद

दिवाळीच्या तोंडावर फोंडा तालुक्यातल्या एका जुन्या घराची प्रेशर वॉशरने (दाबाने पाणी मारणाऱ्या मशीनने) बाहेरून धुलाई करायचे काम आले. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, आत राजांगण, पुढे वसरी, खिडक्यांना शिंपल्यांची पाती, वर मंगळुरी कौले. दर्शनी भागाला चुन्याचा गिलावा, पण जोते आणि मागची अख्खी भिंत उघड्या चिऱ्याची. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो सगळा अंगावर घेऊन मागची भिंत काळीठिक्कर पडली होती. घरमालकांचे म्हणणे सरळ होते: मशीन आणलेच आहे, तर फुल्ल दाबाने मारा आणि भिंत पूर्वीसारखी तांबडी करून द्या. आदल्या वर्षी कोणाकडून तरी फिरत्या नोझलने तशीच धुवून घेतली होती आणि काही दिवस ती सुरेख दिसली होती.

भिंतीजवळ गेल्यावर त्या धुलाईची खूण सापडली. खालच्या थरांत चिऱ्यांच्या कडा गोल झाल्या होत्या आणि सांध्यांत बोट पेरभर आत जात होते. खाणीतून काढलेला चिरा मऊ असतो. हवेत राहून त्याची वरची साल कठीण होते, आणि तीच त्याचे संरक्षण करते. फिरत्या नोझलची बारीक धार ती साल फोडते, छिद्रांतली माती बाहेर काढते. मग पुढच्या पावसात तोच चिरा जास्त पाणी पितो आणि शेवाळ आधीपेक्षा लवकर धरतो.

बोलण्यापेक्षा दाखवलेले बरे, म्हणून विहिरीच्या बाजूला हातभर जागेवर चाचणी घेतली. मशीन सिंगल फेजचे, 130 बार, मिनिटाला 8 लिटर. दाब 40 बारवर उतरवला, धार 40 अंशांत पसरवणारे पांढरे नोझल लावले आणि दोन फुटांवरून पाणी सोडले. भिंतीच्या पायथ्याशी पांढरी बादली तिरकी धरली होती. आधी हिरवे पाणी आले, मग राखाडी, आणि पाठोपाठ तांबडे. तिथेच ट्रिगर सोडला. बादलीच्या तळाशी चिऱ्याचे कण बसले होते. घरातल्या आजींनी ते चिमटीत धरून पाहिले आणि मुलाला म्हणाल्या, "अरे, ही घाण नव्हे, ही आपली भिंत!" पुढे कोणाला काही समजवावे लागले नाही. हिरवे पाणी म्हणजे शेवाळ, तांबडे म्हणजे चिरा. इतक्या कमी दाबालाही तांबडे येत असेल, तर त्या भिंतीवर मशीन चालवायचेच नाही.

चाचणीनंतर लगेच आतली बाजू बघायची असते. इथे कपाटामागे, विजेच्या बोर्डाच्या वीतभर खाली ताजी ओल उतरली होती. पोकळ सांध्यातून पाणी आरपार गेले होते. त्या खोलीचा एमसीबी पाडला आणि मगच पुढचे काम धरले.

काळा थर मारायचे काम औषधाचे, पाण्याने फक्त धुवायचे. बाजारात मिळणारे हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचे पाणी) ताजे असले तर साधारण दहा टक्क्यांचे असते. उन्हात ठेवलेल्या कॅनचा जोर उतरतो. एक लिटर हायपो, नऊ लिटर पाणी आणि चमचाभर भांडी घासायचा साबण, म्हणजे एक टक्क्याचे द्रावण झाले. भिंत आधी साध्या पाण्याने भिजवली, नाहीतर चिरा औषध आत ओढून घेतो. फवारणी खालून वर केली, म्हणजे कोरड्या भागावर ओघळ उठत नाहीत. पंधरा मिनिटे ठेवले, वाळू दिले नाही. त्यासाठी भिंतीवर सावली असतानाच काम करायचे. मग नारळाच्या काथ्याच्या ब्रशने हलके घासून बागेच्या पाइपने धुतले. जिथे काळे राहिले तिथे पुन्हा औषध दिले, जोर लावला नाही.

मागच्या दारी तुळशी वृंदावन होते. तुळस आधी मुळापर्यंत भिजवली, वर प्लास्टिक टाकले आणि भिंत धुऊन होताच काढले. झाकून ठेवली तर उन्हात शिजते. शिंपल्यांच्या खिडक्या आणि लोखंडी गजही झाकले, कारण हायपोने लोखंड गंजते. कोणीतरी अ‍ॅसिड सुचवले. चुन्याच्या घरावर अ‍ॅसिड नको म्हणजे नको: चुना विरघळतो, चिऱ्यातले लोह सुटून डाग पडतात, आणि हायपोशी गाठ पडली तर क्लोरीन वायू निघतो. जोत्यावर पांढरी भुकटी होती, तो लोणा. तो कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत भरला. पाणी मारले तर क्षार पुन्हा आत जातात.

कौलांना मशीन लावले नाही. धार खालून गेली तर पाणी थेट माळ्यावर उतरते आणि आढ्यावरच्या कोन्यांचा चुना सुटतो. शिडीवर उभे राहून तर गन चालवूच नये, तिचा धक्का माणसाला मागे ढकलतो.

मशीनचा खरा उपयोग अंगणातल्या पेव्हर ब्लॉकवर झाला. तिथे 25 अंशांचे हिरवे नोझल, 110 बार, वीतभर अंतर. पाचशे लिटरची टाकी तासभर पुरते. विहिरीच्या पाण्यात गाळ असल्याने इनलेटची जाळी मधूनमधून साफ करावी लागली. पाणी अडले की पंप खडखडतो आणि सील जातात. ब्लॉकच्या फटींतली वाळू थोडी उडतेच, अंगण सुकल्यावर बारीक कोरडी वाळू झाडूने पुन्हा भरली.

मालकांना दिवाळीपूर्वी भिंतीवर चमकदार कोट हवा होता. तो आम्ही दिला नाही. ओल्या चिऱ्यावर तो कोट बसला की आतली ओल अडकते आणि पापुद्रे सुटतात. आधी सांधे भरायला हवेत: एक भाग मळलेला चुना, तीन भाग चाळलेली वाळू, सिमेंट अजिबात नाही. सिमेंटचा सांधा चिऱ्यापेक्षा कठीण होतो आणि बाजूचा चिराच झिजत जातो. गवंडी दिवाळीनंतर येणार आहे. भरलेले सांधे आठवडाभर गोणपाटाने ओले ठेवायचे, एवढे आजींनी स्वतःकडे घेतले आहे.