ठेकेदार नोंदणीसाठी जिल्ह्याला दोन खेपा

आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप तालुक्याच्या गावी. ग्रिल, शटर, पत्र्याच्या शेड, शाळेचे बाक अशी कामं. सरकारी काम आजवर दुसऱ्याच्या नावावर केलं, म्हणजे घाम आमचा आणि बिल त्यांचं. यंदा म्हटलं, सरकारी ठेकेदार म्हणून स्वतःची नोंदणी करूनच टाकू. त्यासाठी जिल्ह्याला दोन खेपा झाल्या. पहिली वाया गेली. तिचंच आधी सांगतो.

पहाटेची एसटी धरून नऊलाच कार्यालयासमोर उभा होतो. घाई उगाच केली. मंत्रालयापासून खालपर्यंत २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, वेळ पावणेदहा ते सव्वासहा. शनिवारी जाऊ नका. सोमवारीही शक्यतो नको, दोन दिवसांची तुंबलेली डाक टेबलावर असते. साहेब दुपारनंतर साईटवर जातात, त्यामुळे सकाळचं पहिलं काम आपलं असलेलं बरं.

नोंदणीच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांनी फाईल उघडली, चार कागद काढून टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि पेनाचं टोपण एकेका नावावरून फिरवलं. पॅनवर माझं पूर्ण नाव. जीएसटीवर माझं नाव आणि खाली वर्कशॉपचं. उद्यमवर, म्हणजे लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीवर, वर्कशॉपचं नाव, पण ‘वर्क्स’च्या जागी ‘वर्कशॉप’. बँकेच्या सॉल्व्हन्सी सर्टिफिकेटवर, म्हणजे ऐपतीच्या दाखल्यावर, नुसतं फर्मचं नाव, माझा पत्ताच नाही. टोपण तिथे थांबलं.

“हे कोणाचं?”

“माझंच की, भाऊसाहेब.”

“तुमचंच असेल हो. पण तसं लिहिलंय कुठे?”

रागावण्यासारखं काही नव्हतं, बरोबरच होतं त्यांचं. प्रोप्रायटरशिपला, म्हणजे एकाच मालकाच्या फर्मला, वेगळं पॅन नसतं, मालकाचं पॅन तेच फर्मचं. त्यामुळे मालक आणि फर्म ही दोन्ही नावं एका कागदावर आणणारा मुख्य दुवा म्हणजे जीएसटी प्रमाणपत्र. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची १० अक्षरं म्हणजे तुमचं पॅन. फाईल लावण्याआधी हे जुळवून बघा. मग जीएसटीवर नाव जसं आहे तसंच, त्याच स्पेलिंगने, बाकी सगळ्या कागदांवर आणा. बँकेला पत्र लिहिताना ‘अमुक फर्मचे प्रोप्रायटर श्री. तमुक’ असा मजकूरच द्या आणि सोबत पॅन नंबर टाकायला सांगा. आमच्या बँकेने नवं पत्र द्यायला आठ दिवस घेतले, त्यातले चार दिवस मॅनेजर रजेवर होते. काही ठिकाणी तहसीलदारांचं सॉल्व्हन्सी सर्टिफिकेटही चालतं, पण आधी विचारा, मग तहसीलच्या पायऱ्या चढा.

उद्यममधली चूक घरी बसून दुरुस्त झाली. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. पैसे मागणारी साइट दिसली की ती बंद करा. उद्यम आहे म्हणजे टेंडर भरतानाची अनामत रक्कम माफ, असं मात्र धरून चालू नका. मीही तेच धरून बसलो होतो. केंद्राचं २०१२ चं खरेदी धोरण सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या माल आणि सेवांसाठी आहे, बांधकामाच्या ठेक्यांना ते लागू नाही. म्हणजे बाक बनवून पुरवले तर सवलतीचं बोलता येतं, शेड उभारायची असेल तर अनामत भरायची तयारी ठेवा. नुसता विकत घेऊन विकणारा व्यापारी असाल, तर २०२१ पासून तुम्हालाही उद्यम मिळतं, पण फायदा बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता. राज्याच्या टेंडरमध्ये काय माफ आहे ते त्या-त्या टेंडरच्या अटींत वाचायचं.

दोन खेपांच्या मधल्या दिवसांत डिजिटल सही काढली. ई-टेंडरला क्लास ३ लागते. क्लास २ देणं १ जानेवारी २०२१ पासून बंद झालंय. मूळ पॅन हातात धरून मोबाइलसमोर नाव सांगायचं, व्हिडिओ पास झाला की पेनड्राइव्हसारखं टोकन मिळतं. एजंट म्हणाला, “टोकन माझ्याकडेच राहू द्या, लॉगिन पण माझ्याच मोबाइलवर काढतो, तुम्हाला त्रास नको.” नको म्हटलं. ओटीपी त्याच्याकडे, टोकन त्याच्याकडे, मग ठेकेदार कोण? शिवाय ई-टेंडर पोर्टलवर एक सही एकाच लॉगिनला जोडली जाते. ती चुकीच्या लॉगिनला जोडली गेली तर निस्तरत बसावं लागतं.

दुसरी खेप अर्ध्या तासात आटोपली. पानांना नंबर, पुढे अनुक्रमणिका, प्रत्येक झेरॉक्सवर सही, मूळ कागद वेगळ्या पिशवीत. प्रतिज्ञापत्राचा मसुदा पहिल्या खेपेलाच भाऊसाहेबांकडून घेतला होता. गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडचा फॉर्म जुना निघाला असता तर तिसरी खेप ठरलेलीच. टोपण पुन्हा चारही नावांवरून फिरलं आणि या वेळी कुठे अडलं नाही.

फाईल दिली आणि निघालो, असं करू नका. आवक विभागात जा, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. मी तो तिथेच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला. पुढे फोनवर “कोणतं प्रकरण?” असं विचारतात तेव्हा नाव सांगून काही होत नाही, नंबर सांगितला की टेबल सापडतं. त्रुटी निघाली तर पत्र येतं, त्यात उत्तराची मुदत असते.

जमलं तर हे सगळं पावसाळ्यातच करा. मार्चमध्ये त्या टेबलांवर बिलांशिवाय दुसरं काही हलत नाही, आणि आपलीही वसुली तेव्हाच असते. माझी फाईल आता वरच्या टेबलावर आहे, दर मंगळवारी फोन करतो.