उलटा के आणि सहा-चार-तीन

मी सोसायटीत हिशेब लिहिते. तेवढ्या भांडवलावर या उन्हाळ्यात मला मुलांच्या बेसबॉल टीमची स्कोअरर केलं. गोव्यात आमच्या साखळीला भात कापून झालं की रिकामं शेत हेच आमचं मैदान. मुलं बारा वर्षांखालची, म्हणून लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या मापाने बेस, म्हणजे धावून गाठायचे टप्पे, एकमेकांपासून ६० फुटांवर (मोठ्यांना ९०). मी मेरेवर छत्री उघडून बसायचे, मांडीवर वही.

आठपैकी सहा सामने जिंकलो. हे आधीच सांगून टाकते, कारण खरी मजा वहीत आहे.

बेसबॉलच्या वहीत नावं नसतात, आकडे असतात. बॉल टाकणारा पिचर १, बॅटरच्या मागचा कॅचर २, मग पहिला, दुसरा, तिसरा बेस सांभाळणारे ३, ४, ५. शॉर्टस्टॉप उभा दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे, पण त्याला ६. का, ते मला अजून पटलेलं नाही. चांगला बॉल हुकला किंवा सोडला की स्ट्राइक; तीन झाले की स्ट्राइकआउट, म्हणजे बाद. तेव्हा ‘के’ लिहायचा. ही खूण हेन्री चॅडविकची. हा गृहस्थ आधी क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. ‘स्ट्रक’चं शेवटचं अक्षर त्याने उचललं. बॅट फिरवून चुकला तर सरळ के. तिसरा स्ट्राइक नुसता बघत राहिला तर उलटा.

माझी एप्रिलची पानं उलट्या केंनी भरलेली आहेत. दोष क्रिकेटचा. ऑफ स्टंपच्या बाहेरचा बॉल सोडायचा, हे या मुलांच्या हाडात. इथे सोडला की अंपायर हात वर करतो. बॉल लागला तरी काही जण ‘नो रन’ म्हणून जागेवरच उभे. धावले तर बॅट हातात, पहिल्या बेसला ती टेकवायला! सगळं शेत ओरडायचं, “बॅट उडय रे, धांव!” एकाने ग्लोव्ह काढून दोन्ही हातांनी कॅच घेतला. आउट मिळाला, पण बोटं दुसऱ्या दिवशीपर्यंत सुजलेली.

कोचने उलट्या के ला शेताभोवती एक फेरी लावली. दुपारच्या उन्हात. मे उजाडेपर्यंत पानं बदलली.

पिचरने टाकलेले बॉलही मीच मोजायचे. या वयात दिवसाला ८५, पुढे नाही. एका बाबांनी दोनदा येऊन विचारलं, “ताई, नीट मोजलं ना?” पोरगा रंगात होता, मलाही वाईट वाटलं. पण सोसायटीत मी एका रुपयासाठी संध्याकाळ घालवलेली बाई.

शेवटच्या सामन्यात, तिसऱ्या इनिंगला, एकही आउट नसताना पहिल्या बेसवर त्यांचा गडी. बॉल सरपटत शॉर्टस्टॉपकडे. त्याने उचलून दुसऱ्याला, दुसऱ्याने पहिल्याला. एकाच बॉलवर दोन आउट! ६-४-३. पूर्ण सीझनमधला असा पहिलाच. मी उठून नाचले, छत्री शेतात, पेन्सिल कुठे गेली देव जाणे.

पेन्सिल सापडेपर्यंत पुढचा मुलगा पहिल्या बेसवर पोचलेला होता. कसा, ते मी बघितलंच नाही. आमचा पिचर म्हणतो, तिसऱ्या बेसवाल्याच्या हातून सुटला, एरर लिहा. तिसऱ्या बेसवाला म्हणतो, काकी, चोख हिट होती. पाऊस सुरू झाला, शाळा सुरू झाली, दोघं रोज एकाच बसने जातात. वहीतला तो चौकोन अजून कोरा आहे.