इंग्लंडात सोनटक्का: कणीस येतं, फूल येत नाही

सोनटक्क्याच्या कुंडीला अडकवून आलेलं लेबल मी अजून ठेवलंय, निव्वळ रागानं. त्यावर लिहिलंय: पानगळीच्या दिवसांत दांडे जमिनीलगत कापा आणि वर पालापाचोळ्याचा जाड थर द्या. या एका ओळीपायी माझी तीन वर्षं गेली. ओळ खोटी नाही, पण ती दुसऱ्याच झाडाची आहे. ज्या नर्सरीतून मी रोप घेतलं तिथं हेडिकियमच्या, म्हणजे सोनटक्क्याच्या वंशातल्या, सगळ्या जातींना हेच लेबल असतं. पिवळा, लाल केसरांचा गार्डनेरियानम किंवा वनस्पती शोधत फिरणाऱ्या फ्रँक किंग्डन-वॉर्ड या इंग्रजाने १९३८ साली आसामात गोळा केलेला नारिंगी ‘आसाम ऑरेंज’, यांचे दांडे कापून त्यांना मातीत झोपवलं तरी ते उन्हाळ्यात उठतात आणि त्याच वर्षी फुलतात. आपला पांढरा सोनटक्का, म्हणजे कोरोनॅरियम, उठतो खरा, पण फुलायला त्याला वेळच उरत नाही.

हिशोब साधा आहे. इकडे लेस्टरच्या बाजूला मेच्या मध्यापर्यंत रात्री फ्रॉस्ट, म्हणजे गोठवणारं दंव, पडू शकतो आणि ऑक्टोबरात तो पुन्हा हजर. गार मातीतला कंद जूनशिवाय कोंब काढत नाही. कोंबापासून कणसापर्यंत, म्हणजे शेंड्यावरच्या कळ्यांच्या झुबक्यापर्यंत, माझ्याकडे चार-साडेचार महिने लागतात. म्हणजे कणीस दिसतं ऑक्टोबरच्या मध्यावर: अंगठ्याएवढं, हिरवं, खवल्यावर खवला घट्ट बसलेला, एखाद्या फटीतून कळीचं पांढरट टोक. रात्र ८ अंशांवर आली की ते आहे तिथंच थांबतं. दहा-बारा दिवसांत खवल्यांच्या कडा तपकिरी होतात, आत पाणी साचतं, आणि बोटानं दाबलं की कळी चिकट लगद्यासारखी बाहेर येते. घट्ट कणीस कापून घरात फुलदाणीत ठेवलं तर उमलेल, अशी आशा धरू नका. मी दोनदा केलं, दोन्ही वेळा वाळलं.

आधी मला वाटलं, खत कमी पडतंय. टोमॅटो फीड, म्हणजे टोमॅटोसाठी मिळणारं पातळ खत, दुप्पट केलं, फक्त पानं रुंद झाली. मग फेब्रुवारीतच कंद हीट मॅटवर २० अंशांत ठेवून लवकर जागा केला. त्यानं सहाएक आठवडे मिळाले, पण उन्हाळा थंड गेला की तेही पुरेनात.

खरा दोष कात्रीचा होता. सोनटक्का हळदीच्या कुळातला, म्हणून आपण त्याला हळदीसारखं वागवतो: पाला पिवळा पडला, झाड झोपलं, आता कंदाचं बघायचं. पण सोनटक्क्याला झोपायचं नसतं. कोकणात न्हाणीच्या सांडपाण्यावर तो वर्षभर हिरवा असतो, ते उगीच नाही. त्याचा एक दांडा आयुष्यात एकदाच, शेंड्यावर फुलतो. ऑगस्ट-सप्टेंबरात वर आलेला दांडा त्या वर्षी फुलणार नसतो. तो हिवाळा हिरवा काढतो, मार्चनंतर राहिलेली नवी पानं काढतो आणि जुलै-ऑगस्टात कणीस धरतो. लेबलावर विसंबून मी दर ऑक्टोबरात पुढच्या वर्षीची फुलं कापत होतो! कापायचा तो फक्त शेंड्यावर जुनं, वाळकं कणीस असलेला दांडा, तोही बुडापासून. बाकी एकालाही हात लावायचा नाही.

मग प्रश्न उरतो तो हिवाळ्याचा, आणि तिथंही मी ठेचा खाल्ल्या. गॅरेजमध्ये फ्रॉस्ट नसतो पण उजेडही नसतो. दांडे बुडाकडून पिवळे पडून जानेवारीत आडवे झाले. कन्झर्व्हेटरीत, म्हणजे घराला जोडलेल्या काचेच्या खोलीत, हिटर ६ अंशांवर लावला, तर झाड जगलं पण पानं कडांनी करपली आणि मार्चमध्ये वाढ धरायला दीड महिना गेला. जमली ती मागची झोपायची खोली: रेडिएटर बंद, दक्षिणेची खिडकी, तापमान १२ ते १४ अंश. यापेक्षा गरम खोली नको. डिसेंबरात इथं दिवस आठ तासांच्याही आत असतो. उजेड कमी आणि ऊब जास्त झाली की दांडे लांबट, लुळे होतात.

पाणी हाच हिवाळ्यातला मोठा धोका. ४० सेंटीमीटरच्या कुंडीला दोन-तीन आठवड्यांतून एक मग, साधारण पाव लिटर, तेही वरची दोन बोटं माती कोरडी लागली तरच. एकदम कोरडं ठेवलं तर झाड झोपी जातं, म्हणजे आपण पुन्हा लेबलावर आलो. खालची दोन-चार पानं पिवळी पडली तर पडू द्या. दांडाच बुडाशी मऊ लागला तर मात्र माती उकरून कंद बघा. चांगला कंद नखानं खरवडला की आल्यासारखा वास येतो. कुजलेल्याचा वास सांगावा लागत नाही. तो भाग स्वच्छ सुरीनं काढून टाका आणि कंद एक दिवस उघडा सुकवून मग परत लावा.

घरातल्या कोरड्या हवेत लाल कोळी ही पानांचा रस शोषणारी बारीक कीड हमखास येते. पानावर सुईनं टोचल्यासारखे फिकट ठिपके आणि खालच्या बाजूला बारीक जाळं दिसलं की समजावं. दर रविवारी पानं खालून ओल्या फडक्यानं पुसली की आटोक्यात राहते. रोप घेतानासुद्धा पान उलटून बघायचं, ते वेगळ्या कारणासाठी: कोरोनॅरियमच्या पानाला खालून बारीक लव असते. ‘व्हाइट जिंजर’ म्हणून विकलेलं माझं पहिलं रोप पिवळं फुललं होतं. आणि गावाहून बॅगेत कंद आणायचं मनात असेल तर सोडून द्या. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला, नसेल तर तो विमानतळावरच जप्त होतो.

कुंडी खोलपेक्षा रुंद घ्या, कारण कंद आडवा पळतो. माती जॉन इनेस नंबर ३ (इकडे पिशवीत तयार मिळणारी कुंडीची माती) दोन भाग आणि कुजलेला पाला एक भाग. कंदाची पाठ मातीबाहेर दिसली पाहिजे. खोल गाडला की कोंब उशिरा येतो, आणि इथं दोन आठवडेसुद्धा महाग आहेत. गड्डा तीन-चार वर्षं फोडू नका. फोडलात तर एप्रिलमध्ये, आणि प्रत्येक तुकड्याला निदान तीन डोळे व एक हिरवा दांडा राहील असा. मोह होतो, शेजारणीपासून ऑफिसातल्या माणसापर्यंत सगळे मागतात, पण लहान तुकडा वर्षभर फक्त पानं देतो.

बाहेर काढायचं ते जूनमध्ये, रात्र सलग १० अंशांच्या वर राहायला लागली की. पहिला आठवडा सावलीत, नाहीतर घरात वाढलेली पानं पांढरी पडून भाजतात. मग कुंपणाच्या आडोशाला ठेवा, कारण वाऱ्यानं पानांच्या चिंध्या होतात. आता पाण्याची कंजुषी नको: खाली ताटली ठेवून तिच्यात दोन-तीन सेंटीमीटर पाणी, आणि उन्हाच्या दिवशी पाचएक लिटर रिचवतो. जूनअखेरपर्यंत साधं संतुलित खत, पुढे आठवड्यातून एकदा टोमॅटो फीड. बिनशंखाच्या गोगलगायी कोंब रातोरात कुरतडतात आणि नंतर कणसाच्या खवल्यांत लपतात. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन वेचणं हाच खात्रीचा उपाय.

२०२३ मध्ये गणेशचतुर्थी १९ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. दांडे राखले तर दोन्ही तारखा साधतात, कारण एक कणीस रोज थोडं थोडं करत दोन-अडीच आठवडे फुलतं. देवासाठी हवी असतील तर फुगलेल्या, पूर्ण पांढऱ्या कळ्या दुपारी खुडून वाटीभर पाण्यात ठेवा, संध्याकाळपर्यंत उमलतात. टोकाशी अजून हिरवट असलेली कळी उमलत नाही, ती कणसातच राहू द्या.